सावलीचा रेट काय?

घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, आणि चौथ्या दिवशी पाऊस आला. गेटपासून दारापर्यंत अंतर बारा फूट. तेवढ्यात माझ्या दोन्ही चपलांना किलो किलो माती चिकटली आणि तिसऱ्या पावलाला एक चपल तिथंच राहिली. लातूरच्या बाहेरच्या अंगाला जे नवे प्लॉट पडलेत ते सगळे कालपरवापर्यंत सोयाबीन-तुरीचे. काळं रान. पिकाला सोनं आणि चालायला शिक्षा.

तो पावसाळा फळ्या टाकून काढला, कारण हात रिकामे होते. घराचा शेवटचा हप्ता गेल्यावर खात्यात जे उरतं त्यात अंगण बसत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये एका ठेकेदाराला बोलावलं. तो आला, पावलांनी जागा मोजली आणि वहीचं पान फाडून आकडा दिला. प्लॉट ४० बाय ६०, घर २८ बाय ४२, म्हणजे मोकळी जागा १,२२४ चौरस फूट. पेव्हर ब्लॉक सरसकट, ५५ रुपये फूट, एकूण ६७,३२०. "आठ दिवसांत चकाचक करून देतो, मॅडम."

मला आकडा पटला होता, खरं सांगायचं तर. सगळीकडं ब्लॉक, झाडलं की झालं, चिखल नाही, गवत नाही. मी शिक्षिका आहे, पण या वेळी एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही की ५५ रुपये नेमके कशाचे?

प्रश्न विचारला तो मिस्त्रीमामांनी. घराचं गवंडीकाम त्यांनीच केलेलं. ते गिलाव्याची एक भेग बघायला आले होते, त्यांना मी तो कागद दाखवला. त्यांनी कागद परत केला आणि मला शेजारच्या गल्लीत नेलं. तिथल्या एका घरापुढचं अंगण दोन वर्षांपूर्वीच केलेलं. गाडीची दोन चाकं जिथं उभी राहतात तिथं ब्लॉक दोन दोन इंच खचलेले, आणि कंपाउंडच्या कडेला जमीन इतकी फाटलेली की माझं मनगट त्या भेगेत गेलं.

"ताई, हे काळं रान हाय. हे जित्तं असतंय," मामा म्हणाले. "पाणी प्यालं की फुगतंय, वाळलं की आकसतंय. ह्याच्या उरावर तुम्ही सोन्याची फरशी बशिवली तरी ती हलणारच."

म्हणजे दिसणाऱ्या फरशीखाली न दिसणारा खर्च आधी करायचा. काळी माती काढायची, तिच्या जागी मुरूम भरायचा, सहा सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून दाबायचा. ठेकेदाराच्या ५५ रुपयांत यातलं काही नव्हतं. नुसता ब्लॉक, खाली दोन इंच कच, म्हणजे खडीचा चुरा, आणि मजुरी. कडेला ब्लॉक धरून ठेवणारे कर्ब नाहीत, गेटचा रॅम्प नाही, चेंबरची झाकणं वर उचलून घेणं नाही. मी त्या रात्री सगळं धरून हिशेब केला तेव्हा १,२२४ फुटांचा आकडा सव्वा लाखाच्या पुढं गेला. आमच्या मनातला आकडा ७५ हजार. त्यावर राखीव म्हणून १५ टक्के.

वही घेऊन मी ओट्यावर बसले होते तेव्हा आण्णा, म्हणजे माझे सासरे, फेरी मारून आले.

"काय मोजलालीस गं?"

सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळीकडं दगूड कशाला पाहिजे? जितकं पायाखाली येतंय तितकं करा की."

इथून पुढं खरं नियोजन सुरू झालं असं म्हणता येईल. आठवडाभर मी फक्त पाहत होते, घरातलं माणूस कुठं कुठं पाय ठेवतं. चुन्याची पावडर घेऊन जमिनीवर रेघा मारल्या. गाडी उभी राहते ती जागा, १२ बाय १६. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापुढची पट्टी, ८ बाय २०, कारण भांडी, कपडे, वाळवण, चिंच फोडणं सगळं तिथं. गेटपासून पायऱ्यांकडं चार फुटांची वाट. आणि घराच्या भिंतीला लागून उरलेल्या बाजूंनी अडीच फुटांचा सिमेंटचा पट्टा. हा शेवटचा पट्टा मी आधी वगळला होता, शोभेचा समजून. मामांनी तो पुन्हा घालायला लावला. काळ्या मातीत पायाशी पाणी मुरलं की भिंतीला तडे जातात, म्हणून भिंतीपासून बाहेर उतार देणारा पट्टा लागतोच. फरशी पुढच्या वर्षी केली तरी चालते, पट्टा नाही.

बेरीज केली: १९२, १६०, ४८ आणि २३०. सहाशे तीस फूट. निम्मं अंगण मातीचंच राहणार होतं आणि मला तेव्हा ते मनातून खटकत होतं. गल्लीत सगळ्यांचं चकाचक आणि आपलंच अर्धवट, असं काहीतरी.

ते खटकणं गेलं ते गच्चीवर. दुकानातून नमुने आणले होते: एक लाल पेव्हर, एक करडा पेव्हर, शहाबादी फरशीचा तुकडा आणि कडप्प्याचा तुकडा. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी तीनला चौघं गच्चीवर गेलो, चपला काढून. मुलाने कडप्प्यावर पाय ठेवला आणि तिथल्या तिथं उडी मारली. लाल ब्लॉकवर मी तीनपर्यंत मोजू शकले. करडा त्याहून थोडा बरा. शहाबादी फिकट असल्यामुळं सात-आठ आकडे झाले, पण मग तळवा चुरचुरायला लागला. नंतर तेच चार तुकडे खाली नेऊन कडुनिंबाखाली ठेवले. हा एक कडुनिंब आम्ही बांधकामात हट्टाने वाचवला होता. तासाभराने परत पाय ठेवून पाहिला तर चारही सारखेच. कडप्पासुद्धा.

नवरा म्हणाला, मग फिकट रंग घ्यायचा. आण्णा खुर्चीतून म्हणाले, "त्या ठेकेदारानं सावलीचा रेट काय सांगितलाय?"

यावर कुणी काही बोललं नाही. पण पश्चिमेच्या बाजूची सगळी जागा मातीची ठेवायची हे त्या दुपारी ठरलं. आमच्याकडं मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. दिवसभर तापलेली फरशी रात्री दहापर्यंत ती धग खिडकीतून आत सोडत राहते. भाड्याच्या घरात तीन उन्हाळे तसल्या अंगणाशेजारी झोपले होते, तरी हे मला नमुन्यांवर पाय ठेवेपर्यंत आठवलं नव्हतं.

शहाबादीच का, तर जवळची म्हणून. शहाबाद आमच्यापासून कर्नाटकच्या सीमेपलीकडं कलबुर्गी जिल्ह्यात. निजामाच्या काळी हे सगळं एकाच राज्यात होतं. वाहतूक कमी, म्हणून दर कमी. खरबरीत, दोन बाय दोनची फरशी ३२ रुपये फूट पडली. गुळगुळीत पॉलिशची घेऊ नका असं मामांनी बजावलं, पावसाळ्यात म्हातारं माणूस घसरतं. गाडीच्या जागेला मात्र पेव्हरच, आणि तोही ८० मिलिमीटर जाडीचा. ६० चाही हलक्या गाडीला चालतो म्हणतात, पण चाकाखाली ८० चा जास्त टिकतो. बसवण्यासकट ६२ रुपये.

एक भांडण इथं सांगायलाच हवं. नवऱ्याला पुढच्या कोपऱ्यात काळ्या दगडाची पाच फूट उंच भिंत हवी होती, तिला टेकून बाक. फोटोत कुठंतरी पाहिलेली. काळा दगड आमच्याकडं मुबलक. आण्णांनी ऐकलं आणि ते जेवणावरून उठले. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते रानात राखणीला होते, म्हणून राहिले. गावातली दगड-मातीची माळवदं दोन दोन हात जाड भिंतींसह झोपलेल्या माणसांवर आली होती. मातीत रचलेला गोल दगड हादऱ्यात एकमेकांवरून घरंगळतो, त्याला बांधून ठेवायला काही नसतं. नवऱ्याने सिमेंट, लोखंड, पट्टी असं सगळं सांगून पाहिलं. आण्णा एवढंच म्हणाले, "माझ्या नातवाच्या डोस्क्याच्या वर दगूड नको." नातू तेव्हा साडेतीन फुटांचा होता. भिंत रद्द झाली. त्याऐवजी कडुनिंबाभोवती गुडघ्याएवढा पार ठरला, तोही पैसे शिल्लक राहतील तेव्हा करायचा म्हणून. तो अजून झालेला नाही.

खणायला मे महिन्यातच सुरुवात केली, पण फरशी बसवायची नाही हे ठरवून. मामांचं म्हणणं, मुरमाला एक पावसाळा खाऊ द्या. तो आपोआप बसतो आणि पाणी कुठं तुंबतं तेही दिसतं. बजेटच्या दृष्टीने हे मला फार सोयीचं झालं, कारण खर्च दोन हप्त्यांत विभागला गेला. जेसीबी अडीच तास चालला, १,३०० रुपये तासाने. गाडीच्या जागेत दोन फूट खोल, फरशीखाली सव्वा फूट. निघालेली माती काही झाडांच्या जागेत भरली, उरलेली एक ट्रॅक्टरवाला घेऊन गेला. सहा ट्रॉल्यांचे ५०० प्रमाणे पैसे त्याने माझ्याकडून घेतले आणि तीच माती नर्सरीवाल्याला विकली, हे मला नंतर कळलं.

मुरमात मी चुकले. खड्ड्यांचं माप काढलं, सातशे घनफूट भरलं, म्हणजे सात ब्रास, म्हणून सातच मागवला. गणित बरोबर होतं, मुरमाला ते माहीत नव्हतं. ट्रॉलीतला मुरूम सैल असतो. पाणी मारून कॉम्पॅक्टर फिरवला की पाचव्या हिश्श्याने खाली बसतो. शेवटी सगळीकडं चार-पाच बोटं खड्डा उरला आणि आणखी दोन ब्रास आणावा लागला. ९०० रुपये ब्रास. तेव्हा घनफुटाच्या हिशेबात वर पाव भाग धरूनच फोन करायचा. कडेला यंत्र जात नव्हतं तिथं दोन बिगारी धुम्मसाने चोपत होते, धप् धप् आवाज दुपारच्या झोपेत तीन दिवस.

मग पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी एक काम केलं: प्रत्येक मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन बाहेर जायचं आणि जिथं पाणी उभं आहे तिथं खुंटी ठोकायची. पाच खुंट्या झाल्या. त्यातल्या तीन एकाच जागी, गच्चीचा पाइप उतरतो तिथं.

त्या पाइपाने मला दुसरा हिशेब करायला लावला. आमचा स्लॅब १,१७६ चौरस फूट. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण १०९ लिटर पाणी होतं. वर्षाला सातशे मिलिमीटर धरला आणि वाया जाणारं वजा केलं तरी साठ हजार लिटर. पाच हजारांच्या टँकरने मोजलं तर बारा टँकर. हे सगळं आम्ही अंगणातून गेटबाहेर नालीत सोडणार होतो, छान उतार देऊन. २०१६ च्या उन्हाळ्यात याच शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावर घागरी चढवत होतो.

म्हणून अंगणाच्या बजेटमध्ये शोषखड्डा घुसला, १४,५०० चा. आधी मला वाटलं चार फूट खड्डा, दगडगोटे, झालं. पण काळ्या मातीत चार फुटांवर पाणी नुसतं बसून राहतं. एकदा फुगून भेगा मिटल्या की ती माती पाणी खाली सोडतच नाही. खालचा मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. आमच्याकडं तो सात फुटांवर लागला. तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू, आणि गाळलेलं पाणी पुढं बोअरच्या बाजूला. पाइपाला एक बूच ठेवलंय. पहिले दोन पाऊस बूच काढून गच्चीची धूळ बाहेर सोडायची, मग लावायचं.

नोव्हेंबरात फरशी सुरू झाली. मामांनी वेळ मुद्दाम तीच धरली. मेमध्ये सिमेंटचं काम केलं तर ऊन त्यातलं पाणी ओढून घेतं आणि वरून मारायला टँकर लागतो नऊशेचा. नोव्हेंबरातही पोती ओली ठेवायला तीन टँकर लागलेच. भिंतीकडेच्या पट्ट्याला दर आठ फुटांवर सांधा सोडला आणि भिंतीला तो चिकटवला नाही, मधे बोटभर फट ठेवून डांबर भरलं. माती हलेल तेव्हा पट्टा हलेल, भिंतीला ओढणार नाही.

मागच्या दाराच्या फरशीचा दिवस मला चांगला आठवतो. मामांकडं लेसर वगैरे नाही, पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाइप. एक टोक बिगाऱ्याने दाराच्या उंबऱ्याशी धरलं, दुसरं मामांनी वीस फुटांवर. पाइपात एक बुडबुडा अडकला होता. तो निघेपर्यंत मामा पाइपाला टिचक्या मारत राहिले, मापाला हात लावला नाही. मग भिंतीवर पेन्सिलची खूण, लाइनदोरी, आणि दहा फुटांना दोन इंच उतार. कुठल्या दिशेला, हे माझं. मोरीच्या पाण्यावर केळ लावायची होती, म्हणून उतार त्या कोपऱ्याकडं. फरश्या आधी कोरड्याच मांडल्या आणि मामा म्हणाले, "आता बादली ओता." ओतली. पाणी फटींतून मुरत मुरत सरळ गेलं आणि मग स्वयंपाकघराच्या जाळीपाशी येऊन थबकलं. एक फरशी जाडीला कमी होती. ती काढली, खाली दोन थाप्या माल टाकला, पुन्हा बादली. चौथ्या बादलीला पाणी केळीच्या खड्ड्यात पोचलं. तेव्हा कुठं सांधे भरायला घेतले.

एवढं सगळं जपून शेवटी माती झालीच, म्हणजे एका जागी. काम संपल्यावर फरशीवर सिमेंटचे डाग होते. मी कॉलेजात, आण्णा झोपलेले, आणि एका पोराने बाथरूम धुवायचं ॲसिड आणून ओतलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडताच ती फसफसते. मी आले तेव्हा दाराशेजारी परातीएवढा पांढरट, खडबडीत डाग पडला होता. मजुरीतून काय कापणार? पोरगं घाबरून गेलं होतं. त्या डागावर आता सासूबाईंचं उखळ असतं. चिंच-लिंबानेही ही फरशी मंद पडते, म्हणून चिंच फोडायला खाली पोतं घालतो.

सगळं मिळून ८६,७१४ रुपये झाले. ७५ हजार आणि राखीव ११,२५० धरले तर ४६४ वर. त्यात फरशी आणि ब्लॉक, बसवण्यासकट, साडेपंचवीस हजारांचे. बाकी सगळं मुरूम, माती, सिमेंट, पाणी आणि उतार. म्हणजे ठेकेदाराच्या पहिल्या आकड्यापेक्षा वीस हजार जास्त देऊन मी निम्मंच अंगण केलं. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखते, वर्गात मीच तशी पाहते.

त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेलाय. मातीच्या भागात मे महिन्यात भेगा पडल्या, ब्लॉकच्या कडेला एक केसाएवढी आली, ब्लॉक हलले नाहीत. केळीला घड आलाय. शेवगा माझ्या डोक्याच्या वर गेलाय आणि संध्याकाळी पाचपर्यंत मागच्या फरशीचा निम्मा भाग त्याच्या सावलीत येतो.

रॅम्पचं मात्र काही खरं नाही. गेट आम्ही रस्त्यापासून नऊ इंच वर घेतलं होतं. गल्लीत आता नालीचं काम सुरू झालंय आणि त्यावर नवा रस्ता होणार आहे. तो किती वर येणार, हे विचारायला दोनदा जाऊन आले. कुणी सांगत नाही. रॅम्पसाठी ३,००० मी वेगळे काढून ठेवलेत.